एका घरात दोन बिऱ्हाडं

मराठी विभागासाठी लेख देते म्हटल्यावर संपादक मंडळातल्या मैत्रिणीने दोनदा विचारलं, "तू? मराठीत?" तिचं काही चुकलं नाही. माझं मराठी म्हणजे घरी बोलायचं मराठी. लिहायचं मराठी दहावीच्या पेपरानंतर सुटलं ते सुटलंच, आणि त्याआधीही कॉन्व्हेंटमध्ये आठवड्याला चार तासांपुरतंच होतं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सगळं प्रूफ बघणाऱ्यांच्या हवाली. पण ही गोष्ट मला इंग्लिशमध्ये सांगताच आली नसती, कारण तिचा अर्धा भाग माझ्या बाबांनी फोनवर सांगितलाय आणि तो अस्सल कराडच्या मराठीत आहे.

विषय आहे ड्युअल बूट. म्हणजे एकाच कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम्स, आपल्याकडे बहुतेक वेळा विंडोज आणि लिनक्स. थर्ड इयरला ऑपरेटिंग सिस्टीमचं लॅब सुरू झालं की अर्धा वर्ग याच्या मागे लागतो. त्यातल्या निम्म्यांची विंडोज उडते आणि सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलमध्ये "कुणाकडे बूटेबल पेनड्राइव्ह आहे का?" अशी शोधाशोध सुरू होते. एकाच ड्राइव्हचे तुकडे पाडून दोन्ही सिस्टीम्स बसवता येतात, पण जागा असेल तर दोघांना वेगवेगळी ड्राइव्ह द्यावी असं सगळेच सांगतात. मीही तसंच केलं. तरीसुद्धा तोंडावर आपटले. का आपटले, तेच सांगायचंय.

आधी एक प्रश्न निकालात काढते. "व्हर्च्युअल मशीन का नाही? डब्ल्यूएसएल का नाही?" सी प्रोग्रॅम्स आणि शेल स्क्रिप्ट्सपुरतं काम असेल तर खरंच डब्ल्यूएसएल वापरा, हा लेख इथेच सोडून दिलात तरी राग नाही. पण मला कर्नल मॉड्यूल लिहून खऱ्या हार्डवेअरवर चालवून बघायचं होतं. आणि आमच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये रॅम आठ जीबी. त्यात विंडोज, विंडोजच्या पोटात लिनक्स, आणि दोघांच्या मध्ये मी... नको.

घरचा कॉम्प्युटर म्हणजे खरं तर बाबांचा कॉम्प्युटर. आमचं कराडला इलेक्ट्रिकलच्या सामानाचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. २०१९ साली घेतलेला डेस्कटॉप वरच्या खोलीत. त्यावर टॅली, दुकानाचा सगळा हिशेब, आणि दर महिन्याचा जीएसटीचा रिटर्न. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यावर लिनक्स घालते म्हटलं तेव्हा बाबांनी चष्म्यावरून बघून एकच विचारलं, "माझ्या टॅलीला काय होणार नाही ना?" मी म्हटलं, "बाबा, तुमच्या ड्राइव्हला मी हातसुद्धा लावणार नाही. माझी वेगळी एसएसडी घेऊन येते." हे वाक्य लक्षात ठेवा.

आता थोडं थिअरी. कंटाळवाणं वाटेल, पण सगळी गंमत इथेच आहे.

पॉवरचं बटण दाबल्यावर विंडोज किंवा लिनक्स आपोआप सुरू होत नाही. सगळ्यात आधी जागं होतं ते मदरबोर्डवरचं फर्मवेअर. पूर्वी त्याला बायोस म्हणायचे, आता असतं यूईएफआय, तरी तोंडातून अजून बायोसच येतं. जुनी पद्धत फार साधी होती. बायोस ड्राइव्हचा पहिला सेक्टर उचलायचा, एकूण ५१२ बाइट्स. त्यातल्या ४४६ बाइट्समध्ये सुरुवातीचा प्रोग्रॅम, ६४ मध्ये पार्टिशन्सची यादी आणि शेवटच्या दोनमध्ये सही. त्या ४४६ बाइट्समध्ये जो शेवटी जाऊन बसेल तो मालक. म्हणून विंडोज पुन्हा घातली की लिनक्स गायब व्हायचं. ते पुसलं जायचं नाही हं, फक्त त्याच्याकडे जायचा रस्ता बंद व्हायचा.

यूईएफआयने हे भांडण बऱ्यापैकी मिटवलं. यात ड्राइव्हवर एक छोटं वेगळं पार्टिशन असतं, ईएफआय सिस्टीम पार्टिशन. फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेलं. विंडोज स्वतः इन्स्टॉल होताना साधारण १०० एमबीचं करते. त्यात प्रत्येक सिस्टीमचं स्वतःचं फोल्डर असतं आणि फोल्डरमध्ये तिचा बूटलोडर. विंडोजचं फोल्डर मायक्रोसॉफ्ट नावाचं, लिनक्सचं त्या त्या डिस्ट्रोच्या नावाचं. म्हणजे एकाच पार्टिशनमध्ये दोघं सुखाने राहू शकतात. आणि कुणाचा बूटलोडर कुठे आहे याची यादी मदरबोर्डवरच्या छोट्या मेमरीत, एनव्हीरॅममध्ये असते. सोसायटीच्या वॉचमनकडे वही असते ना, कुठला फ्लॅट कुणाचा, तसं. वहीत लिहिलेलं असतं: अमुक पार्टिशन, अमुक फोल्डर, अमुक फाईल. वॉचमन वहीतलं पहिलं नाव घेतो आणि तिकडे पाठवतो.

यातली एक गोष्ट मला तेव्हा माहीत होती पण कळलेली नव्हती. वही मदरबोर्डवर आहे, ड्राइव्हवर नाही. आणि वहीतला पत्ता पार्टिशनचा आहे. लिनक्स राहतं दुसऱ्या ड्राइव्हवर, पण त्याचा बूटलोडर पहिल्या ड्राइव्हच्या ईएफआय पार्टिशनमध्ये ठेवलेला असेल तरी वॉचमनला काही फरक पडत नाही. तो तिकडे पाठवतो, बूटलोडर तिथून दुसऱ्या ड्राइव्हवरचं लिनक्स शोधतो, सगळं मस्त चालतं. आपल्याला वाटतं दोन ड्राइव्ह म्हणजे दोन स्वतंत्र बिऱ्हाडं. असतात ती दोन बिऱ्हाडं आणि एकच दार.

माझ्याकडे हेच झालं. मी इन्स्टॉल करताना माझ्या नव्या एसएसडीवर वेगळं ईएफआय पार्टिशन केलं होतं. अगदी शहाण्यासारखं. बूटलोडर कुठे टाकायचा या प्रश्नालाही माझीच ड्राइव्ह निवडली होती. पण इन्स्टॉलरने मुकाट्याने पहिल्या ड्राइव्हवर आधीपासून असलेलं पार्टिशन वापरलं आणि माझं पार्टिशन रिकामंच ठेवलं. लिनक्सच्या काही इन्स्टॉलर्सची ही जुनी खोड आहे: ईएफआय पार्टिशन आधीच सापडलं की ते तेच धरतात, तुम्ही यादीत काहीही निवडा. मी तपासलं का? नाही. रीस्टार्ट केलं, मेनू आला, त्यात लिनक्सही होतं, विंडोजही होती. बाबांची टॅली उघडून दाखवली. बाबा खूष, मी खूष. दोन महिने कुणालाही काही कळलं नाही.

मग सेमिस्टर सुरू झालं. माझा प्रोजेक्ट त्या एसएसडीत आणि मी पुण्यात. सुट्टीला जोडून दोन दिवस घरी गेले तेव्हा ठरवलं, ड्राइव्ह काढून न्यावी, यूएसबीच्या केसमध्ये घालून लॅपटॉपला लावावी. ड्राइव्ह माझी, काढणार मी, बाबांच्या ड्राइव्हला हात लावायचा प्रश्नच नाही. संध्याकाळची एसटी होती. घाईघाईत केबिनेट उघडलं, दोन वायरी काढल्या, झाकण लावलं आणि निघाले. कॉम्प्युटर एकदा चालू करून बघावा एवढंही सुचलं नाही. तारीख होती १९.

दुसऱ्या दिवशी, २० तारखेला, सकाळी सव्वादहाला बाबांचा फोन. लेक्चर चालू होतं, मी कट केला. परत आला. बाबा सहसा दोनदा करत नाहीत.

"अगं, ह्याच्यावर काळा पडदा आलाय नुसता. वर काहीतरी इंग्लिशमध्ये बारीक अक्षरात, आणि खाली जी आर यू बी. पुढं एक बाण आहे. काय करू?"

जी आर यू बी. ग्रब. माझ्या पोटात गोळाच आला. लिनक्सची ड्राइव्ह माझ्या बॅगेत आणि लिनक्सचा बूटलोडर कराडला बाबांच्या पडद्यावर! आपण काय केलंय हे त्या एका क्षणात समजलं. व्हायवाला इतक्या पटकन काही समजलं असतं तर बरं झालं असतं.

ज्यांच्या घरी व्यापार नाही त्यांना सांगते. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-३बी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा असतो. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि कर भरायचा राहिला असेल तर त्यावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. पैसे फार नाहीत म्हणा. पण बाबांनी जीएसटी सुरू झाल्यापासून, म्हणजे २०१७ पासून, एकदाही तारीख चुकवलेली नाही आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. एरवी ते १५ तारखेलाच मोकळे होतात. त्या महिन्यात आजी दवाखान्यात होती म्हणून राहिलं होतं. आणि हिशेब सगळा त्याच मशीनवर. बॅकअप? बाबांचा बॅकअप म्हणजे जानेवारीतला एक पेनड्राइव्ह.

मी वर्गातून बाहेर आले आणि आमच्या हॉस्टेलच्या फायनल इयरच्या ताईला फोन लावून कॉन्फरन्सवर घेतलं. ती हसली आधी. मग म्हणाली, "अगं, रडतेस काय, विंडोजला काही झालेलं नाही. तिचा बूटलोडर शेजारच्याच फोल्डरमध्ये आहे. काकांना सांग, चार अक्षरं टाईप करायची. ई, एक्स, आय, टी. आणि एंटर."

"ई... एक्स... आय... टी. एंटर मारू?"

"मारा काका."

पंधरा सेकंद कुणीच बोललं नाही. खालून दुकानातला मिक्सर दुरुस्तीचा आवाज फोनवर ऐकू येत होता.

"आलं. विंडोजचं चिन्ह आलं."

त्या चार अक्षरांनी काय झालं? ग्रबला म्हटलं, तू बाजूला हो. त्याने ताबा परत फर्मवेअरला दिला आणि वॉचमनने वहीतलं पुढचं नाव घेतलं, विंडोज बूट मॅनेजर. दुसराही मार्ग होता. चालू करतानाच बूट मेनूची की दाबून थेट विंडोज निवडायची. डेल आणि लेनोव्होवर बहुतेक एफ १२, एचपीवर एफ ९, एसुसच्या मदरबोर्डवर एफ ८, एमएसआयवर एफ ११. तुमची कुठली आहे ते आज, काही बिघडलेलं नसताना, बघून ठेवा.

रिटर्न बारा वाजता भरून झाला. संध्याकाळी फोनवर बाबा रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी काढायच्या आधी सांग." ते जास्त लागलं.

इकडे हॉस्टेलवर दुसरी फजिती. माझी ड्राइव्ह यूएसबीने लॅपटॉपला लावली तर बूट होईना. होणार कशी? तिच्यावरचं ईएफआय पार्टिशन रिकामं. कुलूप कराडला, किल्ली पुण्यात, आणि मध्ये दीडशेहून जास्त किलोमीटर. प्रोजेक्टच्या फाईल्स दुसऱ्या लिनक्समधून वाचता आल्या एवढंच.

आता दिवाळीत काय केलं ते सांगते, कारण ते नीट झालं.

आधी बॅकअप. बाबांचा टॅलीचा डेटा दोन ठिकाणी घेतला आणि त्यातला एक दुसऱ्या मशीनवर उघडून बघितला. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नसतो असं ताईचं म्हणणं आहे.

मग विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद केलं. हे कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये असतं. ते चालू असलं की शट डाऊन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नलची अवस्था ड्राइव्हवर लिहून अर्धवट झोपते. अशा झोपलेल्या ड्राइव्हवर लिनक्समधून काही लिहायला गेलं तर फाईल सिस्टीम बिघडू शकते. म्हणून लिनक्स बहुतेक वेळा ती नुसती वाचायला देतं, लिहायला नाही. "माझी डी ड्राइव्ह लिनक्समध्ये रीड-ओन्ली का येते?" या प्रश्नाचं दहात नऊ वेळा हेच उत्तर.

मग बिटलॉकर बघितलं. हे मात्र जरा थांबून वाचा, विशेषतः नवे लॅपटॉपवाले. विंडोज ११ ची २०२४ मधली २४एच२ आवृत्ती नव्याने घातली आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच मशीन्सवर ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट होते, होम एडिशनवरसुद्धा. तुम्हाला कुणी ठळकपणे सांगत नाही. मग तुम्ही लिनक्ससाठी बायोसमध्ये सिक्युअर बूट वगैरे बदलता, आणि पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागते. की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. माझ्या रूममेटचं अकाउंट नववीत काढलेल्या ईमेलवर होतं आणि त्याचा पासवर्ड तिला आठवत नव्हता. तीन दिवस ती कुणाशी बोलत नव्हती. तर आधी की शोधा, कागदावर लिहा, मग बायोसला हात लावा. बाबांच्या मशीनवर बिटलॉकर बंदच होतं.

यानंतरची पायरी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात महत्त्वाची: विंडोजची ड्राइव्ह काढून टाकायची. पुसायची नाही, वायर काढायची. कॉम्प्युटर पूर्ण बंद, प्लग काढलेला, पॉवरचं बटण दोन-तीन सेकंद दाबून उरलेला करंट घालवलेला, केबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक काढलेली. मग विंडोजच्या ड्राइव्हची साटा केबल आणि पॉवरची वायर ओढून बाजूला. आता मशीनमध्ये एकच ड्राइव्ह, माझी. इन्स्टॉलरने कितीही शहाणपणा करू दे, दुसरं पार्टिशन त्याला सापडणारच नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, "पूर्ण डिस्क पुसून इन्स्टॉल करा" हा एरवी धडकी भरवणारा पर्याय निवडला आणि चहा प्यायला खाली गेले. वीस मिनिटांत झालं. (बाबांच्या ड्राइव्हला हात लावणार नाही असं म्हटलं होतं ना? तेच चुकलं होतं. हात लावून ती बाहेर काढायलाच हवी होती.)

ही ड्राइव्ह एकटीच असताना दोनदा रीस्टार्ट करून बघितली. मग विंडोजची जोडली आणि माझी काढली, विंडोज एकटी सुरू होते का बघितलं. मग दोन्ही जोडल्या. इतकी खात्री मला स्वतःच्या हॉल तिकिटाचीसुद्धा नसते. दोन्ही जोडल्यावर बायोसमध्ये क्रम बदललेला असू शकतो, तो बघून विंडोज पहिली ठेवली. घर बाबांचं, पहिलं नाव बाबांचं. मला लिनक्स हवं असेल तेव्हा मी एफ १२ दाबेन.

काहीजण म्हणतील, ग्रबच्याच मेनूत विंडोज दाखवावी. येते तशीही. पण ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, दुसऱ्या सिस्टीम्स शोधणारा भाग आपोआप चालत नाही, तो बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये स्वतः चालू करावा लागतो. मी केला नाही. दोन स्वतंत्र दारं केल्यावर मध्ये परत खिडकी कशाला पाडायची?

केबिनेट उघडणं शक्य नसेल, लॅपटॉप वॉरंटीत असेल, तर? काही बायोसमध्ये एखादा ड्राइव्हचा स्लॉट तात्पुरता बंद करायची सोय असते, ती वापरा. तीही नसेल तर पार्टिशन्स स्वतः करा, आणि इन्स्टॉल झाल्यावर लिनक्समध्ये 'बूट'च्या आतलं 'ईएफआय' हे फोल्डर कुठल्या ड्राइव्हच्या पार्टिशनवर बसलंय ते बघा. डिस्क्स नावाच्या प्रोग्रॅममध्येही दिसतं. विंडोजच्या ड्राइव्हवर बसलेलं दिसलं तर माझी गोष्ट आठवा.

लॅपटॉपवाल्यांसाठी आणखी दोन गोष्टी, भरभर. एम.२ च्या एसएसडी दोन प्रकारच्या असतात, एनव्हीएमई आणि साटा, आणि दिसायला सख्ख्या बहिणी. तुमच्या स्लॉटला कुठली चालते ते मॅन्युअलमध्ये बघून मगच दुकानात जा. डेस्कटॉपच्या काही मदरबोर्डवर एम.२ चा स्लॉट भरला की एखादं साटा पोर्ट बंद पडतं, तेही मॅन्युअलमध्येच असतं. दुसरं, इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप्सवर व्हीएमडी किंवा आरएसटी चालू असतं, त्यामुळे लिनक्सच्या काही इन्स्टॉलर्सना ड्राइव्ह दिसतच नाही. ते बायोसमधून झटकन बंद करू नका! विंडोज त्या सेटिंगवर बसलेली असते, बदललं की निळा पडदा. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग सेटिंग बदलायचं, मग परत नेहमीसारखं करायचं.

घड्याळाचं राहिलं. दिवाळीत रात्री मी लिनक्सवर बसायचे आणि सकाळी बाबा म्हणायचे, "घड्याळ बिघडलंय, नऊ वाजलेत आणि हा साडेतीन दाखवतोय." बरोब्बर साडेपाच तास मागे. हा आकडा कुठला ते ओळखलंत का? मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स आंतरराष्ट्रीय वेळ, म्हणजे यूटीसी, ठेवतं आणि दाखवताना आपले साडेपाच तास मिळवतं. विंडोज त्याच घड्याळात थेट भारतीय वेळ आहे असं धरून चालते. ड्राइव्ह वेगळ्या केल्या तरी घड्याळ एकच, आणि दोन बिऱ्हाडांचं त्यावर एकमत नाही. विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करून तिला यूटीसी शिकवता येतं, ते जास्त योग्य असंही म्हणतात. मी लिनक्सलाच स्थानिक वेळ धरायला सांगितलं. 'टाइमडेट-सीटीएल'ची एक ओळ पुरते. ते कुरकुर करतं, इशारा देतं, पण ऐकतं.

ड्राइव्ह वेगळ्या म्हणजे सगळंच वेगळं, हा गैरसमज घड्याळाने मोडला. पण त्याहून मोठं उदाहरण आहे ऑगस्ट २०२४ चं. त्या महिन्याच्या १३ तारखेला विंडोजचं सिक्युरिटी अपडेट आलं आणि जगभर कित्येक ड्युअल बूट मशीन्सवर लिनक्स सुरूच होईना. काहीतरी गंभीर बिघडलंय अशा अर्थाची इंग्लिश ओळ यायची आणि मशीन बंद व्हायचं. ग्रबमध्ये २०२२ साली एक सुरक्षेचं भोक सापडलं होतं. तसे जुने बूटलोडर सिक्युअर बूट चालू असताना चालू नयेत म्हणून एसबॅट नावाची एक यादी असते: अमुक पिढीच्या आधीचे सगळे बाद. अपडेटने ती यादी पुढे सरकवली. ड्युअल बूट असलेल्या मशीन्सना हे लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, पण काही मशीन्सवर दुसरी सिस्टीम आहे हे अपडेटला ओळखताच आलं नाही. आणि दोन ड्राइव्हवाले यातून वाचले का? नाही. कारण यादी कुठल्याच ड्राइव्हवर नसते, ती असते मदरबोर्डच्या मेमरीत. वॉचमनलाच नवे नियम दिले होते. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समधून ती यादी काढायची, बूटलोडर अपडेट करायचा आणि परत चालू करायचं, हा तेव्हाचा उपाय होता.

म्हणजे दोन ड्राइव्ह घेतल्याने काय वेगळं होतं? डेटा, पार्टिशन्स, आणि नीट केलं तर बूटलोडर. एक ड्राइव्ह मेली तर दुसरी चालते, एकीला फॉरमॅट मारला तर दुसरीला पत्ता लागत नाही, एक काढून गावाला नेता येते. मदरबोर्ड, घड्याळ, वॉचमनची वही आणि सिक्युअर बूटच्या चाव्या सामाईकच राहतात. त्याला काही इलाज नाही, तेवढ्यासाठी दुसरा कॉम्प्युटरच लागेल, आणि तो मागायची माझी हिंमत नाही.

एक छोटी गोष्ट. ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर नेऊन बूट करायची असेल तर त्या मशीनच्या वहीत तिचं नाव नसणार. अशा वेळी फर्मवेअर ईएफआय पार्टिशनमध्ये 'बूट' फोल्डरमधली ठरलेल्या नावाची एक फाईल शोधतं, ती असेल तर तिथून सुरू होतं. बहुतेक मोठी डिस्ट्रो ती स्वतःच ठेवतात. दिवाळीनंतर माझी ड्राइव्ह मी केसमध्ये घालून पुण्यात लॅपटॉपला लावली, आणि या वेळी ती सुरू झाली. निघायच्या आधी कराडचा कॉम्प्युटर ती काढलेली असताना चालू करून दाखवला, बाबांनी स्वतः टॅली उघडून बघितली, मग मला एसटी स्टँडवर सोडलं.

आता ती ड्राइव्ह परत घरच्या केबिनेटमध्ये आहे, प्रोजेक्ट गिटवर. गेल्या महिन्यात २० तारखेला बाबांचा फोन आला तेव्हा हात थोडा थरथरलाच.

"रिटर्न कालच भरला. ते नाही विचारत. एफ १२ दाबलं तर तुझं ते दुसरं आलं. छान आहे की दिसायला. त्यात पत्त्यांचा खेळ आहे का?"

आहे म्हटलं, बाबा. सॉलिटेअर आहे.